दिवसा लावलेलं दार

हसू नका रे, माझा जीव अजून थाऱ्यावर नाही. मोठ्या कंपनीचा इंटरव्ह्यू, सीनियर इंजिनीअरची जागा, आणि तो द्यायचा व्हिडिओवर, लालबागच्या आमच्या चाळीतल्या खोलीतून. गॅलरीतली बडबड नको म्हणून मी दार लावून घेतलं. भर दुपारी! आमच्या मजल्यावर दिवसा दार लागतं ते घरात काही वाईट घडलं तरच.

समोरचे साहेब इंग्रजीत विचारतायत, "सर्व्हर गुपचूप बंद पडला, एरर नाही, तक्रार नाही. तुम्हाला कळणार कसं?" मी तोंड उघडतोय तोच धाडधाड दार वाजलं. शेजारच्या नलूकाकू!

"अरे मंदार, दार का लावलंस? आई बरी आहे ना?"

"बरी आहे काकू, बाजारात गेलीय! माझा इंटरव्ह्यू चालू आहे!"

"मग सांगून लावायचं ना बाबा, जीव घाबरला माझा!"

घामाघूम होऊन परत बसलो. साहेब चक्क मराठीत म्हणाले, "दार लावल्यावर काकू किती वेळात आल्या?"

"पाचेक मिनिटांत, सर."

"आमच्या सिस्टिमला अर्धा तास लागतो," म्हणाले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. खूश झाले की वैतागले, काही पत्ता नाही.

तेव्हापासून मोबाइलवर मेल बघून बघून बोट झिजलं, पण उत्तर नाही. काल शेवटी कंटाळून पुन्हा दार लावून बसलो. लगेच बाहेरून काकूंचा आवाज, या वेळी अगदी हळू:

"नाही म्हणाले का रे?"