खिडकीजवळचं उष्टं ताट

मी मूळची नागपूरची, वडील शाळेत शिपाई, घरात आम्ही सात जणं, आणि आई अशी की जेवण झालं रे झालं की ताट उचललंच पाहिजे, खरकटं दिसलं की तिचं डोकं फिरे. तीच सवय माझ्या हाताला. लग्न होऊन दोन हजार तीनमध्ये कॅनडात सस्काटूनला आले, आमचे हे खाणीच्या ऑफिसात, पुढे पोरगी झाली, शाळेत जायला लागली, मी घरी बसून बसून कंटाळले, फावड्यानं दारातला बर्फ तरी किती शोव्हल करणार, मग म्हाताऱ्या लोकांच्या घरकामाला अप्लाय केलं. काय सांगू ताई तुम्हाला, एका जागी बसणं मला जमतच नाही.

पहिलंच घर मिळालं अ‍ॅलेक आजोबांचं. ते म्हणत नुसतं अ‍ॅलेक म्हण, पण ऐंशीच्या वरच्या माणसाला नावानं कशी हाक मारू बाप्पा. मूळचे स्कॉटलंडचे, चित्रकार. राजाराणी नाही, डोंगर नाही, जन्मभर रोजचीच माणसं काढली. तिकडे बंदरावर मासे साफ करणाऱ्या बाया, इकडे आल्यावर शाळेत ड्रॉइंग शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी, नाणं टाकून मशीनवर कपडे धुतात त्या लाँड्रीत, कपड्यांची वाट पाहत बसलेली माणसं काढायचे. गॅलरीवाले म्हणत हे जुनं झालं, नुसते रंगाचे फटकारे मारा. आजोबा म्हणत मला येत नाही, आणि पुन्हा लाँड्रीत जाऊन बसत.

तर पहिल्या दिवशी मी गेले तेव्हा ते झोपले होते. खिडकीजवळच्या टेबलावर अर्धा टोस्ट दगडासारखा वाळलेला, अंड्याची टरफलं, कपात चहाचा थर. माय बाई! मी सगळं उचललं, फेकलं, घासलं, टेबल लख्ख पुसलं. आजोबा उठले, टेबलाकडे पाहिलं आणि मटकन खुर्चीत बसले. मला वाटलं खुश झाले. मग त्यांनी कोपऱ्यातल्या चित्रावरचं कापड काढलं. तेच टेबल, तोच टोस्ट, अर्धवट. तीन आठवड्यांपासून काढून राहिले होते. आणि महिन्याभरात त्यांची लेक त्यांना केअर होममध्ये, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमात नेणार, तिथल्या खोलीत चित्राचा स्टँड मावत नाही, म्हणजे हे शेवटचंच चित्र. मला रडूच कोसळलं.

म्हटलं, परत मांडून देते. मांडलं. ते म्हणाले, हे तू पाहुण्यांसाठी मांडलं, कुणी जेवून उठलं असं वाटत नाही. तुझा डबा काढ, ताट घे, तिथं बस आणि घरी जेवतेस तशी जेव. त्यांच्यासमोर हातानं खायची लाज वाटत होती, पण जेवले, पोळी आणि भरलं वांगं. उठता उठता हात ताटाकडे गेला, तर एवढ्या जोरात ओरडले, लीव्ह इट!

मग टोस्ट सोडून त्याचंच चित्र सुरू झालं, पंचवीस दिवस ते ताट तसंच. वांग्याचा देठ वाळला, पोळीचा तुकडा कडक झाला, तेलाचा डाग पसरला. मी बाकी घर तीन तीनदा पुसून राहिले, वॉशरूम घासून राहिले, पण जीव त्या ताटात अडकलेला. घरी येऊन चिडचिड करी, आमचे हे म्हणत, एवढा त्रास आहे तर सोड ना काम. कशी सोडणार? आजोबांचा हात थरथरे, एका हातानं दुसरा धरून ब्रश लावत, कधी दिवसभरात नुसता देठच होई. मी मनात म्हणे, लवकर करा हो आजोबा, लवकर करा.

न्यायच्या आदल्या दिवशी त्यांनी ब्रश ठेवला, म्हणाले, झालं, आता उचल. आणि ताई, ज्याच्यासाठी महिनाभर तडफडले ते ताट माझ्यानं उचलवेना. शेवटी ते म्हणाले, आण इकडे, आणि त्या थरथरत्या हातांनी त्यांनीच घासलं.

आता ते केअर होममध्ये आहेत, दर रविवारी मी डबा नेते. चित्र इथल्या लायब्ररीत लागलं आहे. पोरीला दाखवायला नेलं तर म्हणते, मॉम, इट्स जस्ट युअर डर्टी प्लेट. म्हटलं, हो, तेच आहे. इतकी वर्षं मी सगळ्यांचं मांडलं नि उचललं, मी कधी बसले, जेवले की नाही, कुणी पाहिलं नाही. या म्हाताऱ्यानं पंचवीस दिवस पाहिलं. सुखात राहो बाप्पा.