आठ स्क्रूची प्लेट अन् जावळाची पंगत

पुन्हा पहिल्यापासून सांगू? सकाळी नर्सला सांगितलं, मंग तुझ्या बायकोला, आता तू. स्वतःचा पाय मोडलाय तर गप पडावं ना — पण न्हाई, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची प्लेट कशी तुटली, ते पाह्यजे. ऐक मंग.

मोटरसायकलवरून पडलो, गुडघ्यावरचं हाड मोडलं. डॉक्टरनं प्लेट टाकली, आठ स्क्रू. म्हणला, हाड जुळेस्तोवर मांडी घालायची न्हाई, सगळा भार लोखंडावर येतो, अन् लोखंड थकतं. थकतं म्हणे! तीस वर्षं जालन्याच्या मिलमधी सळया ओढल्या म्या — माणसं थकली, मुकादम थकला, सळई थकलेली एकबी पाह्यली न्हाई.

तिसऱ्या महिन्यात परतूरला नातवाचं जावळ. लेकीचं सासर. तिचा सासरा आबाराव — थाट पाटलाचा, अन् पंगतीला ताटं उसनी. माझी बायको तुळजाबाई खुर्ची घेऊन आली, तर हा सगळ्यांदेखत म्हणतो, "पाव्हणं, पायात लोखंड असून मांडी घालता येईना? मंग घातलं कशाला?" हसले सगळे. वाढपीबी हसला. म्या काठीनं खुर्ची सारली — हिच्या नडगीला लागली जराशी, तेवढं काय — अन् बसलो. वरण येस्तोवर आतून कट् झालं. बुंदी खाल्ली, उठायला गेलो, तं पाय भलतीकडंच वळला.

परवा काढली. दोन तुकडे, ते बघ डब्बीत. डॉक्टर विचारत होता, खाली बसले होते का? म्हणलं, बिलकुल न्हाई, पलंगावरून उतरलो. तू बोलू नको त्याच्याजवळ.

आबाराव आल्ता काल. मोसंबीची थैली घेऊन. अर्धा घंटा बागेचं सांगत बसला, माफीचा शब्द न्हाई. अन् हिचं काय, तर "तोंड त्यांचं होतं, पण खाली बसले तुमी." नडगी चोळत म्हणते, मला दिसावी म्हणून. लेक फोन करून राह्यली — बाबा, पोरगं चालायला लागलं, बरं झालं की या. म्हणलं, त्या उंबऱ्याला पाय लावणार न्हाई, आधी माफी.

काय म्हणला? तुळजाबाईची म्या मागितली का? ते आमचं घरचं हाये, तुला काय करायचं? झोप तिकडं तोंड करून. माफी एकाचीच बाकी हाये — आबारावची.