मैनाने पाहिलेला चट्टा

समारंभाचे अध्यक्ष आणि आपले सरपंच माननीय ज्ञानेश्वरदादा, व्यासपीठावर बसलेले आमचे कबड्डीचे गुरू लडकू सर, मुरबाडहून वाट वाकडी करून आलेले पाहुणे, टोकावड्यातली वडीलधारी मंडळी, माझ्या आयाबहिणी, आणि जिच्या निरोपासाठी आपण जमलो ती मैना, सर्वांना माझा नमस्कार.

मैना पोलिसात भरती झाली. सोमवारी प्रशिक्षणाला निघते. आपल्या मुलींच्या संघातून वर्दीपर्यंत पोचलेली ही पहिली. तिच्या मेहनतीबद्दल आधीच्या वक्त्यांनी सांगितलं, ते अक्षर न् अक्षर खरं आहे. मी भाषणाला नाही म्हणत होते. दादा म्हणाले, "अपेक्षा, तू तिची सगळ्यात जुनी मैत्रीण. तू नाय बोलणार तर कोण बोलणार?" मलाही ते पटलं. मला जे सांगायचंय ते दुसऱ्या कुणाला ठाऊकच नाही.

शहाण्णव साली आम्ही दोघी सहावीत होतो. दिवाळीच्या सुट्टीत सरांनी उंबरमाळीला शिबिर घेतलं. शाळेच्या वर्गात झोपायचं, सकाळी रानातून धावायचं, ओढ्यावर अंघोळ. मी चढाईला, मैना राखीव. सर, तुम्ही तेव्हा माझ्याबद्दल म्हणायचात, "हिचा दम बघा, दोन श्वासांचा एक श्वास करते पोरगी." आठवतंय ना?

तिथे माझ्या पाठीला, खांद्याच्या जरा खाली, गोचीड चिकटली. मैनानेच पाहिली, रॉकेल लावून ओढून काढली. "तुझं रगात पिऊन कशी फुगलेय बघ गो!" म्हणत दगडाने ठेचली. आम्ही पोट धरून हसलो. गुराढोरांत वाढलेल्या पोरी आम्ही, गोचिडीचं काय कौतुक?

शिबिर संपलं. थंडी सरता सरता माझे डोळे मिचकायला लागले. मग मान उजवीकडे उडायला लागली. मग घशातून "हुं" असा आवाज यायला लागला. दाबून ठेवला की दुप्पट जोराने यायचा. शहापूरच्या सामन्यात मी चढाईला गेले, दोन जणींना शिवले आणि परत फिरताना घशात ते "हुं" आलं. पंचांनी शिट्टी दिली, दम तुटला, बाद. पुढच्या चढाईला तेच. प्रेक्षकांत पोरं हसायला लागली. सरांनी मला बसवलं आणि मैनाला उतरवलं. त्यात सरांची काही चूक नव्हती.

घरी सगळे उपाय झाले. भगताचा अंगारा झाला, मिरच्यांनी दृष्ट काढून झाली. शाळेत बाई म्हणाल्या, नाटकं करते. माझे बाबा, काळूराम, एसटीत बसले की माझ्या डोक्यावर हात ठेवायचे. लोकांना वाटायचं, लाड करतायत. ते माझी मान दाबून धरायचे.

शेवटी आईने मला मुंबईला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी खूप वेळ दिला. मुलांमध्ये असे झटके येतात, म्हणाले, पुष्कळदा आपोआप जातात. पण गोचिडीचं ऐकल्यावर ते थांबले. म्हणाले, "लाइम नावाचा एक आजार असतो, गोचिडीमुळे होणारा. आपल्याकडे फार क्वचित. त्यात चावलेल्या जागी गोल लाल चट्टा उठतो आणि वाढत जातो. तसा उठला होता का? असेल तर मी तपासण्या करतो, औषध देऊन बघतो." मी आईकडे बघितलं. स्वतःची पाठ कुणाला दिसते?

माझी आई, सकुबाई, ती बघा तिसऱ्या रांगेत बसली आहे. गावात परतल्यावर ती घरीसुद्धा गेली नाही. तशीच मैनाच्या दारात गेली. मी तिच्यामागे उभी होते.

"मैना, बाय, ओढ्यावर तू हिची पाठ चोळायचीस ना? लाल गोल असं काय दिसलं व्हतं का?"

"नाय काकू. पाठ साफ व्हती."

आई पुन्हा मुंबईला गेली आणि हेच सांगून आली. डॉक्टरांनी तो विचार सोडून दिला.

त्यानंतरची वर्षं मी इथे मोजून दाखवत नाही. मैदान सुटलं. पोरं माझी नक्कल करायची. मैना मात्र रोज माझ्याबरोबर शाळेत यायची, नक्कल करणाऱ्यांना दगड मारायची. म्हणूनच ती मला बहिणीसारखी होती.

गेल्या वर्षी तिच्या बहिणीची, बारकीची, हळद होती. बायका नवरीच्या पाठीला हळद लावत होत्या, थट्टा चालली होती. मैना हसत हसत म्हणाली, "उंबरमाळीला अपेक्षाच्या पाठीवर केवढा लाल गोल उठला व्हता! मधी पांढरा. जशी काय बांगडीच ठेवलेय."

माझ्या हातातली हळदीची वाटी खाली पडली. बायकांना वाटलं, झटका आला.

मैना, उठू नकोस. दादा, मला आणखी दोन मिनिटं द्या.

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, "तेव्हा का बोलली नाहीस?" ती म्हणाली, "सर तुला घरी धाडतील म्हणून." हे मी समजू शकते. अकरा वर्षांची पोर, मैत्रिणीला वाचवायला गेली. पण मी म्हटलं, "आणि आई दारात आली तेव्हा?" तिने पदराचं टोक पिळलं. मग म्हणाली, "तू बरी होऊन आली असतीस तर मला परत राखीवमदे बसावं लागलं असतं गो."

मी पुन्हा मुंबईला गेले. जुने डॉक्टर निवृत्त झाले होते. नवे म्हणाले, लाइम असेल किंवा नसेलही. चट्ट्याचा आणि झटक्यांचा संबंध होता की नाही, इतक्या वर्षांनी कुणीच सांगू शकणार नाही. म्हणजे मैनाने माझा आजार वाढवला असं मी म्हणत नाही. ते मला माहीत नाही. आणि आता ते मला कधीच कळणार नाही, याचंच मला दुःख आहे. दगड मारणारी मैना आणि "पाठ साफ व्हती" म्हणणारी मैना एकच, हे मनाला अजून पटत नाही.

मैना, उद्या तुझ्या ठाण्यात एखादी आई येईल. विचारेल, "बाय, तू पाह्यलंस का?" तेव्हा आपलं काय जाईल, हे बघू नकोस. पाहिलं असशील तर पाहिलं म्हण. एवढंच मागते. तुला माझ्या शुभेच्छा आहेत. मैत्री मात्र मी इथेच, या मांडवात ठेवून जाते.

मला बोलू दिलंत, मधे थांबवलं नाहीत, याबद्दल अध्यक्षांची आणि आपणा सर्वांची मी ऋणी आहे. आनंदाच्या दिवशी न शोभणारं बोलले असेन, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर गावची लेक म्हणून पोटात घाला. बोलताना मान उडाली, घशातून आवाज आला, त्याची तेवढी क्षमा मागत नाही. ते मी कधीच मुद्दाम करत नव्हते.