खरवडलेली तबकडी

आजच्या या निरोप समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष महोदय. राजधानीच्या थंडीतून विमानाने आलेले आणि आमच्या बारांकियाच्या उकाड्यातही कोट न काढणारे प्रमुख पाहुणे. रेकॉर्ड कंपनीचे सर्व मान्यवर. आजचे सत्कारमूर्ती डॉक्टर एवारिस्तो उर्दानेता. माझ्या शेजारी बसून मघापासून माझी बाही ओढत ‘मावशी, जपून बोल’ म्हणणारी आपली नेइरिस. आणि खुर्च्या संपल्यामुळे मागे भिंतीला टेकून उभी असलेली आमची अख्खी गल्ली. सर्वांना गल्लीच्या कार्निवल समितीची अध्यक्ष म्हणून लुदिस चार्रिसचा नमस्कार.

मला दोन गोष्टी बजावण्यात आल्या आहेत. थोडक्यात बोलायचं, आणि फक्त चांगलं बोलायचं. पहिलीचं काही सांगता येत नाही, दुसरी नक्की पाळते. डॉक्टरसाहेबांबद्दल वाईट बोलण्यासारखं आहे तरी काय? परवा माझ्या नातीनं विचारलं, हे कसले डॉक्टर? त्यांनी आयुष्यात कुणाची नाडी पाहिलेली नाही, हे खरं. पण आपल्या देशात गळ्यात टाय आणि हाताखाली चार माणसं असली की माणूस आपोआप डॉक्टर होतो. पुढं टाय काढला तरी पदवी राहते.

निमंत्रणपत्रिकेवर छापलं आहे, ‘कढई या अजरामर अल्बमचे जनक’. छापलेलं आहे म्हणजे खरंच असणार. मी फक्त बाळंतपणाच्या वेळी घरात कोण कोण होतं, तेवढं सांगते.

नेइरिस आमच्या समोरच्या घरातली. रविवारी माझ्याबरोबर कारिमान्योला, म्हणजे युका नावाच्या कंदाचे सारण भरलेले वडे, तळायची. मघाशी पाहुण्यांनी तिसऱ्यांदा मागून घेतल्या ना, त्याच. आवाज असा, की नाक्यावरून हाक मारली तरी आमच्या परसातलं कोंबडं दचकायचं. कंपनीनं तिचे दोन अल्बम काढले होते. दोन्हींत रडकी, संथ गाणी, आणि वर गळ्यात लोकरीचा स्कार्फ घातलेला फोटो. या गावात लोकरीचा स्कार्फ. पहिला अल्बम तिच्या आईनं विकत घेतला, दुसरा मी.

तिसरा तिनं स्वतःच्या मनासारखा केला. माझी कढई उचलून स्टुडिओत नेली. पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला जो ठणठणाट आहे तो त्या कढईवर पळी मारल्याचा. ती कढई आज कंपनीच्या स्वागतकक्षात काचेच्या कपाटात आहे. मी परत मागत नाही, नुसती आठवण करून देते.

तर काय निघायचं नि काय नाही, हे कंपनीत ठरवणाऱ्या डॉक्टरसाहेबांनी ते गाणं ऐकलं. अर्धं ऐकलं, तेही फोनवर बोलता बोलता; कामाचा माणूस. फोन ठेवून म्हणाले, ‘मुली, हा आवाज मासळीबाजारातला आहे. असला आवाज कोण पैसे देऊन घरी नेणार?’ अल्बम निघणार नाही, असं ठरलं. साहेब पुढच्या फेरीला आले की तिनं इथल्या ऑफिसात येऊन सही करायची, करार रद्द. गाणी कंपनीच्या कपाटात राहणार आणि ती गाणी तिला पुन्हा कुठंही गाता येणार नाहीत. स्वतःची गाणी, स्वतःच्या तोंडानं. मला आजही ते आठवलं की राग येतो.

तिच्या हातात नमुन्याची एकच तबकडी होती. ती घेऊन ती आमच्या निकानोरकडे आली. निकानोर, मान वर कर, लोक बघताहेत. हा माझा नवरा, ‘मस्तवाल’ या पिकोचा मालक. राजधानीच्या पाहुण्यांसाठी सांगते, पिको म्हणजे कपाटाएवढे रंगवलेले भोंगे. रविवारी दुपारी रस्त्यात लावायचे आणि साऱ्या गल्लीनं नाचायचं. आमच्या भोंग्यांवर बैल रंगवलेला आहे. त्याचं तोंड निकानोरसारखं आलंय, पण चित्रकार ते कबूल करत नाही.

आता या धंद्याची रीत. दुसऱ्या कुणाकडे नसलेलं गाणं हाती लागलं, की पिकोवाला पहिल्यांदा काय करतो? नाण्यानं तबकडीवरचं नाव खरवडून टाकतो. गाणाऱ्याचं, गाण्याचं, कंपनीचं, सगळं. म्हणजे समोरच्या पिकोवाल्याला कधीच कळू नये की हे आलं कुठून.

‘काका, एकदा तरी मोठ्यानं वाजव,’ नेइरिस म्हणाली.

‘वाजवतो. पण रीत ठाऊक आहे ना? नाव जाणार.’

‘सगळं?’

‘सगळं. आणि कार्निवल संपेपर्यंत हे कोणाचं, ते सांगायचं नाही. आईलासुद्धा नाही. घे शपथ.’

तिनं शपथ घेतली. त्यानं खरवडलं. तबकडी हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरली होती कोणी? तिनंच.

पुढचं सगळ्या गावाला ठाऊक आहे. गाणं असं पेटलं, की दुसऱ्या गल्ल्यांतली माणसं खुर्च्या घेऊन आमच्याकडे येऊ लागली. नाव नव्हतं, म्हणून लोकांनीच नाव दिलं, ‘कढई’. गाणारी कोण? कुणी म्हणे बेटांवरची, कुणी म्हणे आफ्रिकेतली. एका प्राध्यापकांनी तर रेडिओवर छातीठोक सांगितलं की ही गायिका काँगो नदीच्या काठचीच आहे. ती तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात युका किसत होती.

एका रविवारी तिच्यासमोरच कुणी तरी म्हणालं, ‘असा आवाज आपल्या गावात कुठला असायला?’ ती आत आली आणि खूप रडली. मी निकानोरला म्हटलं, ‘सांगून टाक म्हाताऱ्या, पोरीचं नुकसान होतंय.’

‘पिकोवाल्याची जीभ सैल झाली, की पिको भंगारात,’ तो म्हणाला.

‘आणि पोरगी भंगारात गेली तर चालेल?’

त्यानं भात वाढून घेतला. माणूस वाईट नाही हो, पण रीत आणि अक्कल यांत निवड करायची वेळ आली की आमच्याकडे रीतच जिंकते.

इकडे डॉक्टरसाहेबही स्वस्थ बसले नव्हते. राजधानीपर्यंत गाणं पोचलं होतं. त्या अज्ञात गायिकेला शोधायला त्यांनी एक माणूस बोटीनं बेटांवर धाडला. तो बिचारा उन्हानं सोलवटून, हात हलवत परत आला. मग साहेब स्वतः आले. एकाच फेरीत दोन कामं: रविवारी ‘कढई’वाल्या गायिकेचा पत्ता काढायचा आणि सोमवारी नेइरिसची सही घ्यायची.

रविवारी दुपारी आम्ही त्यांना बैलाच्या भोंग्यासमोर मानाची खुर्ची दिली. नेइरिस त्यांच्यासाठी गरम कारिमान्योला घेऊन गेली. ‘कढई’ वाजत होती. साहेबांनी तिला ओळखलं, हां, ते नाकबूल करू नये. गाण्यामुळं काही ऐकू येईना, म्हणून तिच्या कानाशी वाकून ओरडले, ‘बरं झालं भेटलीस. उद्या दहाला ये, सही राहिली आहे.’ आणि मग निकानोरकडे वळून, ‘मालक, ही बाई कोण ते सांगा. म्हणाल ते देतो. असा आवाज मी जन्मात ऐकला नाही.’

निकानोरनं बैलासारखी मान खाली घातली. मी हातात झारा घेऊन उभी होते. खरं सांगते, तो झारा कुणाच्या डोक्यात घालावा, एवढंच ठरत नव्हतं.

आणि वीज गेली.

आपल्याकडे वीज जाण्यात नवल ते काय? तिला आपण किती शिव्या घालतो, पण त्या दुपारी मी तिला मनोमन मेणबत्ती लावली. गाणं ओळीच्या मधोमध तुटलं. लोक ओरडायला लागले. नेइरिस ताट हातात घेऊन तिथंच उभी होती, भर उन्हात. तिनं निकानोरकडे एकदा पाहिलं आणि तुटलेली ओळ पुरी केली. मग पुढची. मग पुढची. भोंगा नाही, वाद्य नाही. मी काय केलं असेल? झाऱ्यानं कढईवर ठेका धरला. नवी कढई; जुनी कंपनीकडे होती ना.

ओरडणारे खुर्च्यांवरून उठून जवळ सरकले. तिच्या आईनं दारात येऊन डोक्याला हात लावला. डॉक्टरसाहेबांची कारिमान्योला तोंडापाशीच राहिली.

गाणं संपल्यावर निकानोर पुटपुटला, ‘पोरी, शपथ घेतली होतीस.’

‘मी काही सांगितलं का, काका? गायले फक्त.’

यावर डॉक्टरसाहेब ताडकन उठले आणि साऱ्या गल्लीला उद्देशून म्हणाले, ‘ही मुलगी आमच्या कंपनीची आहे. मी पहिल्यापासून म्हणत होतो.’ मोठ्या माणसाची हीच ओळख. आपण चुकायला वेळ घेतो, ते दुरुस्त व्हायलाही घेत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दहाला ती ऑफिसात गेली. करार रद्द करण्याचा कागद साहेबांनी तिच्यासमोर फाडला. तिनं दोनच अटी घातल्या: गाण्यांना कुणी हात लावायचा नाही, आणि स्कार्फ नको. अल्बम लोकांनी ठेवलेल्या नावानंच निघाला आणि पुढं कुठं कुठं पोचला ते मी सांगायला नको. मागच्या बाजूला ठळक छापलं होतं, ‘शोध: डॉक्टर एवारिस्तो उर्दानेता’. मी भांडायला निघाले होते. हिनं अडवलं. म्हणाली, ‘असू दे मावशी. पुढच्या बाजूला माझं नाव आहे. मी ते सारखं हात फिरवून बघते.’ तेव्हा मात्र मलाच रडू आलं.

असो. आता सत्कार. गल्लीतर्फे डॉक्टरसाहेबांना हे पितळी मानचिन्ह. कंपनीनं मजकूर पाठवला होता, तो आम्ही जसाच्या तसा कोरून घेतला: ‘हा आवाज प्रथम ओळखणारे’ आणि खाली त्यांचं पूर्ण नाव. पण काल आमच्या निकानोरनं, गल्लीच्या रीतीप्रमाणे, ते नाव नाण्यानं खरवडून काढलं. मानचिन्ह हलू नये म्हणून मी धरलं होतं. साहेब, कृपा करून गैरसमज नको. जी वस्तू दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये असं वाटतं, तिच्यावरचंच नाव आम्ही खरवडतो. याहून मोठा मान आमच्याकडे नाही, वाटल्यास त्याला विचारा. तो सांगणार नाही.

अध्यक्ष महोदयांनी घड्याळाकडे पाहूनही मला थांबवलं नाही, पाहुण्यांनी कोट न काढता सगळं ऐकलं, भिंतीला टेकलेल्यांनी पाय दुखत असताना कळ काढली. सर्वांची मी ऋणी आहे. बाईमाणसाची जीभ, त्यातून तळणाजवळ तापलेली. कुणाला चटका बसला असेल तर पदरात घ्या. आता नेइरिसची तबकडी लावणार आहेत. मध्येच वीज गेली, तर कुणी उठू नका. ती इथंच बसली आहे.