प्यायचं नाही, लावायचं

...आणि वर मलाच म्हणतात, तू तेव्हा बोलला का नाहीस? अहो, बोलणार कसा, तोंडात दूध होतं. म्हणजे दूध नव्हे... तुम्हाला सांगतो, सगळा घोळ या 'म्हणजे'तच आहे.

झालं काय, माझ्या पुढच्या दातावर एक पांढरा डाग उठला, खडूनं टिंब दिल्यासारखा. मी हसतोच कुठं, त्यामुळे कुणाला दिसला नसता, पण गार पाण्यानं कळ यायला लागली आणि बहिणीनं धरून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. खुर्चीत बसलो तर शेजारच्या खोलीतून दात कोरायचं ते मशीन... घुर्रर्र... ऐकलंय ना? मी उठून दाराकडंच निघालो, बहिणीनं परत बसवलं. बाई म्हणाल्या, घाबरू नका, कीड लागायची ही सुरुवात आहे, अजून खड्डा पडलेला नाही. दाताच्या वरच्या थरातलं कॅल्शियम निघून गेलंय, ते परत भरता येतं. दुधातल्या एका प्रथिनापासून क्रीम बनवतात, ते कॅल्शियम धरून ठेवतं आणि दाताला पोचवतं. दात घासले की लावा, चूळ भरू नका, थुंकू नका, थोडा वेळ तोंड मिटून बसा. डाग हटला तर ठीक, नाहीतर... आणि त्यांनी शेजारच्या खोलीकडे बघितलं. मग विचारलं, दुधाची ॲलर्जी वगैरे नाही ना? कामाला कुठं?

"दूध डेअरीत," मी म्हणालो.

"मग काय, भरपूर पीत असाल."

अहो, पहाटेपासून पिशव्या भरतो मी. अंगाला दूध, चपलेला दूध, स्वप्नात दूध... घोटभरसुद्धा उतरत नाही घशाखाली. तर म्हणाल्या, हरकत नाही, प्यायचं नाही, लावायचं.

आता किती साधं वाक्य. घरी आईनं विचारलं, काय निघालं रे? मला बोलायचं म्हटलं की शब्द एकमेकांत अडकतात. मी म्हणालो, "दुधाचं... दाताला." आईचा मिक्सर चालू. तिनं ऐकलं, दुधाचा दात. संध्याकाळी मावशीला फोनवर सांगत होती, "अगं, एवढा घोडा झाला, दुधाचा दात अजून पडला नाही त्याचा. तरीच म्हटलं, हा असा लाजतो का." मी समजावलं, आई, प्यायचं नाही, लावायचं. तर म्हणाली, हो रे राजा, पडेल हळूहळू.

मावशीचा दीर आमच्याच डेअरीचा टेम्पो चालवतो. पुढचं सांगायलाच नको. दुसऱ्या दिवसापासून सगळी डेअरी मला दुधाचा दात म्हणायला लागली.

माझी पाळी पहाटेची, म्हणून दात तिथल्याच नळावर घासायचे. एकदा घासले, बोटानं क्रीम लावलं, ओठ मिटले आणि मशीनशी उभा राहिलो, तर नेमके मालक आले. काउंटरवरचे काका काम सोडून लेकीकडे राहायला चालले होते. मालक म्हणाले, "उद्यापासून काउंटर तू बघ. गिऱ्हाइकाशी हसून बोलायचं. नको असेल तर आत्ताच सांग."

काउंटर? अहो, गिऱ्हाईक दिसलं की मी कॅनमागं जाणारा माणूस. 'नको' अगदी जिभेवर आलं. पण नको म्हणायला तोंड उघडावं लागतं, आणि डोळ्यांपुढं ती शेजारची खोली... घुर्रर्र. मी नुसती मान हलवली, जोरजोरात, नाही म्हणून. मालकांचं लक्ष मानेकडं नव्हतंच, ओठांकडं होतं.

"पांढरं काय रे ते? चोरून पीत होतास?"

मी बोट दाताकडं नेलं, मान हलवली, हात हलवले. प्यायचं नाही, लावायचं, हे हातवाऱ्यांनी सांगून बघा एकदा तुम्ही. मालक हसले, "बरं बरं, पी. नाही म्हणत नाहीस ना? मग उद्या काउंटरवर." आणि गेले. क्रीम मात्र एक थेंब सांडू दिलं नाही मी.

परवा डॉक्टरीणबाईंनी दात बघितला. डाग जवळजवळ गेलाय, मशीन नको, आता खुशाल हसा म्हणाल्या. हसतोय की. कामच आहे ते. सकाळी शटर वर केलं की समोरच्या आजी पिशवी पुढं करतात, "दुधाच्या दाता, एक लिटर दे बाळा." मीही देतो. सांगणार तरी काय... दुधाचा दात पडला की माणूस सुटतो हो. नाव पडलं की संपलं.