गडग्यालगतची तीन कलमं

(रत्नागिरीजवळची हापूसची बाग. ऋजुताच्या घराची पडवी. दुपारचं जेवून वडील आत आडवे झाले आहेत.)

ऋजुता : …म्हणजे मधला दगडी गडगा ओलांडून तू माझ्या बागेत आलाच नाहीस, असं तुझं म्हणणं.

यज्ञेश : म्हणणं नाही, वस्तुस्थिती. वाटणी झाल्यापासून या पडवीपलीकडे तुझ्या बागेला माझा पाय लागलेला नाही.

ऋजुता : गडग्यालगतच्या तिन्ही कलमांखालच्या मातीत कल्टार सापडलंय, दादा. मोहर ओढून आणायचं औषध. ते तू वापरतोस. मी शेणखताखेरीज काही घालत नाही. उद्या सेंद्रिय प्रमाणपत्राचे तपासनीस येतायत. शेजाऱ्याने घुसून औषध ओतलं असं ठरलं, तर ही तीन कलमं वगळतील. नाहीतर अख्खी बाग बाद.

यज्ञेश : आणि शेजारी मी. सोयीचा निष्कर्ष आहे. माझ्याकडचं औषध पावसाने वाहून आलं नसेल कशावरून?

ऋजुता : तुझी बाग खालच्या अंगाला आहे. पाणी चढ चढत नाही. शिवाय पहारीने पाडलेले खड्डे सापडलेत.

यज्ञेश : कुठे?

ऋजुता : खोडाच्या फक्त चढाकडच्या बाजूला, अर्धवर्तुळात. चोराला घाई असते.

यज्ञेश : चल, माझी बाग बघ. प्रत्येक खोडाभोवती पूर्ण रिंगण आहे. अर्धं करून भागत नाही, हे माझ्या गड्यांना कळतं. एम.एस्सी.ला शिकवत नसावेत.

ऋजुता : टोमणे पुरेत. मग अर्धं कोणी केलं?

यज्ञेश : ज्याला उताराच्या बाजूला उतरता येत नाही, त्याने. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबा तुझी ही पायरी तरी आधाराशिवाय उतरतात का?

ऋजुता : काहीतरी बोलू नकोस. बाबा असं का करतील?

यज्ञेश : दुपारी ते तुझ्याकडे जेवतात, रात्री माझ्याकडे. गणपतीत माझ्या पंगतीला म्हणाले, "पोरीची कलमं नुसती पालवतात, लोक हसतात." त्याच आठवड्यात माझ्या बागेतल्या मांगरातून औषधाचा डबा गेला. मी गड्याला दोष दिला. तू मला दिलास.

ऋजुता : आणि हे ठाऊक असून गप्प बसलास?

यज्ञेश : अर्धवर्तुळाचं तू आत्ता सांगितलंस. आधी कळतं, तरी गप्पच बसलो असतो. तुझं प्रमाणपत्र गेलं तर मला दुःख नाही.

ऋजुता : ते माहीत आहे.

यज्ञेश : घरच्या माणसाने घातलं, म्हणजे मालकाने घातलं. तपासनीस तसंच धरतील. उद्या माझं नाव सांगितलंस तर वाचशील. मी नाकारीन, अर्थात.

बाबा (आतून) : ऋजू, यज्ञेश आलाय का गो? त्याला दाखव की गडग्याकडचा मोहर! म्हणावं, बघ माझ्या लेकीची बाग!

ऋजुता : बघितला त्याने, बाबा. तुम्ही पडा.

यज्ञेश : मग? उद्या काय सांगणार आहेस?

ऋजुता : तपासनीसांना येऊ नका म्हणून कळवते. तू जा आता. आणि रात्री त्यांना वाढताना यातलं अक्षर काढू नकोस.