बाई म्हणजे कोण

[दारव्ह्याजवळचा बंजारा तांडा. आठ वर्षांनी कालच घरी परतलेल्या उर्वशीची वेणी तिची मोठी बहीण जया घालते आहे.]

जया : डोस्कं हालवू नको वं. आपली गोरबोली थोडीबी नाई समजत आता तुले?

उर्वशी : दोनच शब्द राहिलेत. याडी म्हणजे आई. आणि बाई म्हणजे मोठी बहीण.

जया : ते राह्यले म्हंजे बस झालं.

उर्वशी : नागपूरच्या संस्थेत आठ दिवस मी 'बाई, बाई' करून रडत होते. त्यांनी रोज स्वयंपाकाच्या बाईंना आणून समोर उभं केलं. एकदा शाळेच्या बाई आल्या, गोळ्या-बिस्किटं घेऊन. मी अजूनच रडले.

जया : अवं माय. मलेच बलावत होती तू?

उर्वशी : नाहीतर कुणाला? बाजारात उभ्या जीपमध्ये तूच बसवलं होतंस. 'बांगड्या घेऊन आलीच' म्हणालीस, आणि जीप निघून गेली.

जया : हळू बोल ना. याडी चुलीपाशी हाय.

उर्वशी : तिला काय सांगितलंस?

जया : का तूच हात सोडून पळाली बजारात. पंधराची होती मी, उर्वशी. बानं जित्ती ठेवली नसती मले.

उर्वशी : भीती वाटली असेल, ते कळतं मला. पण चार वर्षांपूर्वी आमचे सर माझा फोटो घेऊन इथे आले होते.

जया : कोनते सर?

उर्वशी : फायलीत लिहिलंय, मी वाचलंय. 'घरी मोठी मुलगी एकटी होती. फोटो ओळखला नाही.'

जया : सारे कापूस येचाले गेलते.

उर्वशी : तू ओळखला नव्हतास?

जया : भुवईवरची खोक दिसली तुही. लगेच वळखला. पन आठ दिवसांवर माहा साखरपुडा होता. तू आली असती तं सारं निघालं असतं. मले वाटलं, पोरगी चांगल्या कपड्यात हाय, शिकून राह्यली, राहू द्या तिकडंच.

उर्वशी : मी तिथल्या मुलींना सांगायचे, माझी बाई मला शोधत येईल. शेवटी आधारचे ठसे जुळले म्हणून घर सापडलं. फार फसवलंस तू मला.

जया : पाया पडतो तुह्या. याडीले सांगू नको.

बसंतीबाई (चुलीपासून) : उर्वशी, लापशी होऊन राह्यली वं. येक सांग माय, त्या दिवशी बाईचा हात काहून सोडला तू? आठ वर्सं देवाले हेच इचारून राह्यली मी.

उर्वशी : आठवत नाही, याडी. लहान होते.

जया : लय उपकार केले तू. येक डाव बाई म्हन ना मले.

उर्वशी : वेणी फार घट्ट झाली, ताई. सोडा.